नवसीनं मोडलेलं लग्न

पालघरहून आलेल्या शिक्षण खात्याच्या साहेबांचं पांगारपाड्याच्या नवसीनं दुसरं लग्न लावून दिलं, ही बातमी बोईसरच्या बाजारात मासळीच्या पाट्यांपासून भाजीच्या ढिगांपर्यंत पोचायला एक दुपार पुरली. कुणी साहेबांच्या कानामागे हळद पाहिली होती. कुणाला नवरी मास्तरीण असल्याची पक्की खबर होती. एका रिक्षावाल्यानं तर पंगतीत काय काय होतं तेही सांगितलं, आणि ऐकणारीनं ‘डाळ खाली लागली नव्हती ना?’ अशी काळजीही केली.

आता खरं ऐका. साहेबांचं पहिलं लग्न शाबूत आहे. बाईसाहेब रोज डबा भरून देतात, आणि त्यांच्या कानावर ही बातमी अजून गेलेली नाही. ती जाऊ नये एवढी कृपा करा. हळद कुणालाच लागली नाही. लग्नाची बोलणी झाली, हे मात्र खरं. नवरी होती पांगारपाड्याची चौथीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा, नवरा होता रस्त्यापलीकडची मोठी शाळा. आणि नवसीनं ते लग्न लावलं नाही, मोडलं.

हे सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला माणूस म्हणजे तिचा नवरा, जिवल्या. जिवल्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत गोण्या वाहतो आणि सुट्टीच्या दिवशी बायकोची पिशवी वाहतो. दोन्हींत जड काय, असं कुणी छेडलं तर तो म्हणतो, ‘गोणीत काय हाय ते म्हायती असतं.’

पिशवीत काय असतं ते सांगायला हवं, कारण नवसी साधीसुधी बाई नाही, धवलेरी आहे. वारल्यांच्या लग्नाला भटजी लागत नाही, धवलेरी लागते. ती गाते आणि तिच्या गाण्यानं लग्न लागतं. मांडव उभा आहे, भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहून झालाय, नवरा-नवरी घामाघूम होऊन बसलेत, पण धवलेरी गप्प असेल तर ती दोघं परकीच. पिशवीत असतं तिचं लुगडं, पान-सुपारी, आणि घसा बसू नये म्हणून आल्याचा तुकडा. बाकीचं सगळं तिच्या डोक्यात. कुठल्या देवाला कधी बोलवायचं, कुठल्या पूर्वजाचं नाव कुणामागून घ्यायचं, कुठे सासरच्यांना टोमणा मारायचा आणि कुठे आईला रडवायचं. लिहिलेलं कुठेही नाही. म्हातारी राहीबाई गात असे, तिच्या मांडीला मांडी लावून बसून नवसी शिकली.

त्यात एक गंमत झाली होती. पाड्यावर पुष्कळ जोडपी आधी संसार मांडतात आणि लग्न पुढे सवडीनं करतात. दोन-दोन पोरं कडेवर घेऊन मांडवात बसलेली नवरी इथे कुणाला नवी नाही. जिवल्या आणि नवसीही तशीच नांदत होती. जिवल्याची सवड काही होत नव्हती. राहीबाईनं मात्र सांगितलं, ‘गानी शिक किती पन. तुझं सोताचं लगीन लागल्याबिगर दुसऱ्याचं लावायचं नाय.’ त्या दिवशी नवसी घरी आली ती तारीख ठरवूनच. जिवल्या आजही सांगतो, ‘मला नाय वरलं तिनं. गान्याला वरलं. मी आपला मधी उभा होतो.’ आणि हे सांगताना त्याची छाती जी फुगते, ती पाहण्यासारखी असते.

शाळेच्या समितीवर नवसी कशी आली, तेही ऐकून घ्या. कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला पालकांची समिती लागते, आणि तिच्यात निम्म्या तरी बाया लागतात. पांगारपाड्याचे प्रदीप गुरुजी बिचारे घरोघर फिरले. अध्यक्ष व्हा म्हटलं की जो तो दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवायचा. शेवटी बोटं दाखवून दाखवून सगळी नवसीच्या अंगणात आली. तिची नात सोमी दुसरीत होती, म्हणून ती पालक. नवसीनं विचारलं, ‘काय करायचं असतं?’ गुरुजी म्हणाले, ‘सभेत बोलायचं.’ नवसी म्हणाली, ‘येवढंच?’ त्यानंतरच्या पहिल्याच सभेत ती इतकं बोलली की गुरुजींनी इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढं लिहून पेन टेकवलं.

सोमी तिच्याकडे का राहते, यातच सगळी गोष्ट आहे. नवसीचा मुलगा हितेश आणि सून दिवाळी झाली की वसईकडे वीटभट्टीवर जातात, ते पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतात. पूर्वी पोरंही बरोबर जायची. भट्टीवर गेलेलं पोर शाळेतून गळलं की परत येतच नाही, निदान पाड्यावर तरी अजून आलेलं नाही. म्हणून आता पाच-सहा घरांतली पोरं आजीपाशी मागे राहतात. कारण शाळा दारात आहे. आजी विहिरीवरून हाक मारते तर पोर वर्गातून ‘ओ’ देतं, इतकी दारात. हितेशच्या बायकोनं जाताना स्पष्ट सांगितलं होतं, ‘आयस, शाळा हितं हाय तवर सोमी तुजी. शाळा गेली तर मी पोरीला घेऊन जाईन. लांब जायला लागलं तर तुज्यानं नाय व्हायचं.’

आणि शाळा घालवली कुणी? घालवायची वेळ आणली कुणी? आमच्या धवलेरीबाईंनीच!

झालं असं. डोंगराकडच्या पाड्यावर सपना आणि रामा यांचं लग्न निघालं. धवलेरी अर्थात नवसी. पाड्यात लग्न म्हटल्यावर घरी कुणी राहायचं, हा प्रश्नच पडत नाही. म्हातारी, तान्ही, कोंबड्यांची पिल्लं सोडून सगळे निघतात. नवसी पुढे, पिशवी घेतलेला जिवल्या तिच्या मागे, आणि त्यांच्या मागे अख्खा पाडा. शाळेची पोरंही. नेमके त्याच दिवशी पटपडताळणीला पालघरहून साहेब आले, न कळवता. त्यांनी काय पाहिलं? वर्ग झाडलेला, फळ्यावर तारीख सुंदर अक्षरात, खिचडीची चूल गार, एकही पोर नाही, आणि प्रदीप गुरुजी पहिल्या बाकावर बसून अभ्यास करताहेत.

गुरुजींचं हसू नका. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसावर पुन्हा परीक्षेची वेळ आली होती. नोकरीला लागून जुने झालेल्या शिक्षकांनीही पात्रता परीक्षा पास व्हायलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या गुरुजींची झोप उडाली. प्रदीप गुरुजी खिचडी शिजेपर्यंत बालमानसशास्त्र पाठ करायचे आणि पोरं चुकीचं उत्तर देणाऱ्या गुरुजींकडे कौतुकानं बघायची. तर साहेबांना दिसलं ते असं: बाकावरचा विद्यार्थी एक, तोही टकला.

पट आधीच विशीच्या आत. त्यात हजेरी शून्य. थोड्याच दिवसांत हुकूम आला की पांगारपाड्याची शाळा जूनपासून रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत समायोजित करण्याचं योजलं आहे; समितीचं काही म्हणणं असल्यास पालघरला येऊन मांडावं.

जिवल्यानं बायकोला रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही नाही पाहिलं. पण ती दिवसभर गुणगुणली नाही. भाकरी थापताना, पाणी भरताना, कोंबड्या हाकताना ओठ हलत राहायचे ते बंद. जिवल्या घाबरला. ‘गे नवसे, डोकी दुखते काय?’ त्यानं विचारलं. ती म्हणाली, ‘पोरं मी नेली. मीच आनीन.’

पालघरला जिल्हा परिषदेच्या भव्य इमारतीत जिवल्या पहिल्यांदाच शिरला. चकचकीत फरशीवर चपला घालून चालावं की काढून, हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं एक पायरी घालून आणि एक पायरी काढून असा मधला मार्ग काढला. नवसी मात्र मांडवात शिरावं तशी शिरली. टेबलापलीकडे पटपडताळणीला आलेले तेच साहेब, इंद्रजीत. मराठवाड्यातून बदलून आलेले, मवाळ बोलणारे, दुष्ट अजिबात नव्हेत. नवसीच्या शेजारी प्रदीप गुरुजी, कपाळावर घाम. मागच्या खुर्चीत जिवल्या, मांडीवर पिशवी.

साहेबांनी विचारलं, ‘तपासणीच्या दिवशी एकही मूल नव्हतं, हे बरोबर आहे?’

‘बरोबर. मीच नेली,’ नवसी म्हणाली. ‘लगीन होतं. तुमी कळवलं नाय, आमी पन कळवलं नाय. फिटलं.’

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी समजावून सांगितलं. मुलं कमी आहेत, मोठ्या शाळेत जास्त शिक्षक मिळतील, संगणक मिळेल, खेळायला सोबती मिळतील. यात खोटं काही नव्हतं. कायदा म्हणतो पहिली ते पाचवीची शाळा घरापासून किलोमीटरच्या आत हवी, तर मोठी शाळाही तेवढ्यातच बसते. त्यांनी नकाशा वळवून दाखवला. रस्त्याच्या अलीकडे एक ठिपका, पलीकडे एक ठिपका.

नवसीनं गुरुजींकडे पाहिलं. ‘समायोजन म्हंजे काय होनार, गुरुजी?’

‘म्हणजे आपली शाळा त्यांच्या शाळेत जाणार.’

‘कायमची?’

‘कायमची.’

‘नाव?’

‘नाव त्यांचं लागणार.’

‘आनि सामान? ताटं, बाकं, घंटा?’

‘तेही तिकडेच.’

नवसीनं सुस्कारा सोडला आणि खुर्चीत जरा सैल बसली, जणू आता कुठे ओळखीच्या गावात आली. ‘मग असं सांगा ना, साहेब. लगीन हाय! कवापासून काय काय बोलता, मला वाटलं जप्ती हाय.’

मागे फायली लावणारा कारकून फस्सकन हसला. नवसी हसली नाही. ‘लगीन हाय तर मंग मला इचारायला पायजे. आमच्या पाड्याचं लगीन धवलेरीबिगर लागत नाय. पोर आमची. तुमी मुलाचं घर बघितलं?’

‘घर?’ साहेब म्हणाले.

‘पोर द्यायच्या आधी मुलाचं घर बघतात. वाट कशी हाय, पानी कुठं हाय, घरात जागा हाय का आधीच भरलंय. तुमी बघितलं?’

साहेबांनी पुन्हा नकाशाकडे बोट केलं. नवसीनं तो दोन्ही हातांनी उचलून कौतुकानं पाहिला. ‘झ्याक हाय. पन साहेब, नवऱ्याचा फोटू बघून कोन पोर देतं?’

आता साहेबही हसले. जिवल्याला वाटलं, हसून वाटेला लावणार. पण माणूस हसता हसता थांबला, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला, ‘चला. बघू तुमच्या मुलाचं घर.’

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला पांगारपाड्याहून स्थळ बघायला मंडळी निघाली. साहेब, गुरुजी, नवसी, पिशवीसह जिवल्या आणि पहिली-दुसरीची पोरं. नवसीनं सोमीचा हात साहेबांच्या हातात दिला, ‘पोरीच्या चालीनं चाला, तुमच्या नको’ म्हणून. पाड्याची पायवाट संपते तिथे चिल्हार रस्ता लागतो. बोईसरची कारखानदारी सगळी या रस्त्यावरून हमरस्त्याला जाते. सकाळी रसायनांचे टँकर, लोखंडाच्या सळ्या वाहणारे ट्रेलर, कामगारांच्या बसगाड्या, आणि त्यांच्यामधून घुसणाऱ्या मोटारसायकली. नकाशावर ही एक बारीक रेघ होती.

साहेबांनी पाय पुढे टाकला, मागे घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा घेतला. पोरं त्यांच्याकडे बघत होती, मोठा माणूस कसा ओलांडतो ते शिकायला. शेवटी जरा फट दिसली तसे ते सोमीला घेऊन धावले. अर्ध्यावर सोमीची चप्पल निसटली. ती वळली, खाली वाकायला लागली. साहेबांनी तिला दंडाला धरून हिसडलं आणि उचलूनच पलीकडे नेलं. मागून टँकर गेला. धूळ बसल्यावर रस्त्यात चप्पल होती, पण तिची पट्टी आणि तळ वेगळे ओळखू येत नव्हते.

बाकीची पोरं गुरुजींनी आणि जिवल्यानं एकेक करून पार आणली. साहेबांनी सोमीला खाली ठेवलं नाही. तशीच कडेवर घेऊन ते मोठ्या शाळेपर्यंत चालत गेले.

मोठी शाळा चांगली होती, हे नवसीनंही कबूल केलं. रंगवलेल्या भिंती, नळाला पाणी. मुख्याध्यापिका ज्ञानेश्वरीबाई लगबगीनं बाहेर आल्या. त्यांच्यामागे व्हरांड्यात दोन वर्ग पाठीला पाठ लावून बसले होते. एक पाढे म्हणत होता, दुसरा कविता, आणि दोघांचं मिळून तिसरंच काही ऐकू येत होतं. कंपन्यांच्या चाळींतून आलेली परप्रांतातली पोरं दरवर्षी वाढत होती, आणि कायद्यानं कुणालाच परत पाठवता येत नाही, पाठवूही नये. पण वर्ग तेवढेच.

‘अजून पोरं येणार म्हणून तुम्हाला विचारलं होतं का?’ साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

‘कळवलं होतं, सर. विचारलं नव्हतं,’ ज्ञानेश्वरीबाई म्हणाल्या. ‘आली तर प्रेमानं घेऊ. बसवू कुठे, तेवढं तुम्ही सांगा.’

नवसीनं व्हरांड्यावरून नजर फिरवली आणि म्हणाली, ‘बघा साहेब. नवऱ्याकडच्यांना पन कुनी इचारलं नाय.’

तेव्हा प्रदीप गुरुजींना कुठून बळ आलं कोण जाणे. खाकरून, दोनदा अडखळून ते म्हणाले, ‘सर, नियमात असंही आहे की वाटेत लहान मुलांना धोका असेल, तर नुसतं अंतर धरून चालत नाही. परवाच वाचलं. परीक्षेसाठी.’

‘मला माहीत आहे, गुरुजी,’ साहेब म्हणाले. ‘नियम माहीत होता. रस्ता माहीत नव्हता.’

परतताना सगळे पुन्हा त्या रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. सोमी एका पायानं अनवाणी, साहेबांच्या खांद्यावर. वाहनांची रांग तुटेना. गुरुजी घड्याळ बघू लागले. आणि मग नवसीनं जिवल्याला पिशवी नीट धरायला सांगितलं, पदर खोचला, एक हात वर केला आणि गायला लागली.

सासरी न नांदलेल्या लेकीला माहेरी परत आणताना धवलेरी गाते, ते गाणं. असं गाणं क्वचितच गायची वेळ येते. जिवल्यानं इतक्या वर्षांत ते कधी ऐकलं नव्हतं. सुरुवातीला टँकरच्या घरघरीत ते बुडालं. मग वर आलं. नवसी गात गात सरळ रस्त्यात उतरली, धावली नाही, घाबरली नाही, मांडवात चालतात तशी पावलं टाकत मध्यापर्यंत गेली आणि तिथे उभी राहिली. पहिल्या ट्रेलरचे ब्रेक किंचाळले. त्याच्या मागचा थांबला, त्याच्या मागचाही. हॉर्न वाजले, मग एकेक करून बंद पडले. ट्रेलरवाल्या भैयानं खिडकीतून डोकं काढलं, ‘अम्मा, क्या हुआ?’ असं काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं ठेवून ऐकत राहिला. देवांची नावं झाली, डोंगराचं नाव झालं, पाड्याचं झालं, आणि मग नवसीनं पोरांची नावं घ्यायला सुरुवात केली. ज्याचं नाव ती घेई ते पोर रस्ता ओलांडे. धावत नाही, चालत. शेवटी सोमीचं नाव आलं आणि साहेब तिला घेऊन पार झाले, मान खाली घालून, देवळात चालावं तसे.

जिवल्या पिशवी छातीशी धरून तिथेच उभा. तिच्या गाण्यानं लग्नं लागताना त्यानं पाहिली होती, सुना रडताना, भांडणं मिटताना पाहिली होती. पण लोखंड थांबताना पहिल्यांदाच पाहिलं. आपण या बाईच्या शेजारी रोज जेवायला बसतो, हे त्याला त्या क्षणी खरं वाटेना. त्याचे पाय हलेनात, इतके की शेवटी नवसीलाच गाणं तोडून ओरडावं लागलं, ‘ये की रं आता! तुजं नाव काय वेगळं घेऊ?’

साहेबांनी समायोजनाला स्थगिती द्यावी असं वर लिहून पाठवलं, आणि ती मिळाली. स्थगितीच, कायमची सूट नव्हे. खात्यात कायमचं काही नसतं, गुरुजींना विचारा, ते अजून अभ्यास करताहेत. सोमी आजीपाशी राहिली. हितेशच्या बायकोनं भट्टीवरून फोन करून नवी चप्पल नीट घाल म्हणून पोरीला बजावलं. आणि धवलेरीची तारीख हवी असेल तर आता शाळा सुटल्यावरच चौक लिहायला घ्यावा लागतो, मग नवरा-नवरी कितीही ताटकळोत.

स्थगितीचं कळवायला इंद्रजीत साहेब स्वतः पांगारपाड्यावर आले होते. ओसरीवर कोरा चहा झाला. उठताना त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, ‘नवसीबाई, हे यंदापुरतं झालं. पुढच्या वर्षी पुन्हा प्रस्ताव येईल. स्थळ चांगलं आहे, घर मोठं आहे. तुम्ही तरी किती वर्षं नाही म्हणणार?’

नवसी कप विसळत होती. तिनं मान वर न करताच सांगितलं, ‘अठराच्या आत पोर दिली तर पोलीस आमाला धरून नेतात, साहेब. आमची शाळा तर अजून चौथीतच हाय. आधी तिला शिकवून मोठी करा, मंग स्थळ घेऊन या.’